सावर्डे मुरुडला भेटायला जाते

सगुणा रेवाळे स्वतःला फार हुशार समजायची. शाळा म्हणावी तर दुसरीपर्यंत, आणि तीही जमेल तशी. पण वाडीतलं कोण कुठं असतं, कोणाची सून कुठली, कोणाचा जावई काय करतो, हे विचारायला लोक तिच्याकडेच यायचे. त्यामुळे तिला वाटायचं, आपल्याला माणसं ठाऊक आहेत. आता ती स्वतःच हसत हसत सांगते, की रत्नागिरीच्या एका हॉस्पिटलात काचेच्या खिडकीसमोर उभी राहिले आणि ही सगळी हुशारी पदरातून खाली सांडली, वेचायलासुद्धा उरली नाही.

ते कसं झालं ते सांगायचं तर आधी वाडीतली रीत सांगायला हवी. या बाजूला सून घरात आली की तिच्या नावाचं काम फक्त लग्नाच्या पत्रिकेपुरतं. एकदा मांडव उतरला की ती ज्या गावाहून आली त्या गावालाच लोक हाक मारतात. सगुणा सावर्ड्याची, म्हणून ती सावर्डे. "सावर्डे, पाणी तापलं का?" असं सासू विचारायची. सासरा कोणाला सांगायचा, "आमची सावर्डे भाकऱ्या पातळ करते." तिचं लग्न झालं त्याच वर्षी शेजारच्या घरात दापोलीकडच्या मुरुडची मुलगी सून म्हणून आली. ती मुरुड. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा एक गडगा, कमरेएवढा. त्या गडग्याच्या अलीकडे सावर्डे नि पलीकडे मुरुड, अशी पन्नासएक वर्षं गेली.

गावांवरच सगुणाचं भागलं असतं तर बरं. पण ती पडली हुशार. दवाखान्यातला डॉक्टर तिच्या लेखी सुई. ग्रामसेवक म्हणजे बॅग. सायकलवरून पाव विकायला यायचा तो पोंपों. वरच्या अंगाला राहणारे निवृत्त मास्तर म्हणजे चष्मा, आणि मास्तरांची बायको, जिला म्हातारपणीसुद्धा सुईत दोरा ओवता यायचा, ती चष्मीण. मुरुडचा नवरा परळला गिरणीत कामाला होता. तो गणपतीला आला की सगुणा गडग्यावरून आपल्या घरात ओरडून सांगायची, "गिरण आली." पुढे गिरणी बंद पडल्या, तो कायमचा गावाला आला, नांगर धरला, काजू लावले, म्हातारा झाला आणि वारला. पण वारला तेव्हाही सगुणाने नवऱ्याला उठवून सांगितलं ते हेच, की गिरण गेली.

चष्म्याच्या सुनेने एकदा तिला टोकलं होतं. ती सून शिकलेली, नाव तेजस्वी. म्हणाली, "काकी, माणसाला असं वस्तूच्या नावाने काय म्हणता? बरं दिसतं का ते?"

सगुणा रातांबे फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "सकाळी तू काय विचारलंस मला? राजापूर गेली का म्हणून. राजापूर कुठं जातंय? आहे तिथंच आहे बिचारं. एसटी गेली."

"ते वेगळं."

"बरं. गेल्या साली मुंबई गणपतीला लवकर परत गेली असं कोण म्हणालं? तूच. नि दिराची चूल वेगळी झाली म्हणतेस, तर त्याच्याकडे चूल कुठं आहे? गॅस आहे. लावणीला हात कमी पडले म्हणालीस, तर नुसते हात आले असते तर चालले असते का तुला? त्यांना चहा कोणी पाजला असता?"

तेजस्वी हसायला लागली. सगुणाला चेव आला. ती म्हणाली, "बाय, माणूस म्हणजे केवढं थोरलं असतं. ते अख्खं कुठं हातात मावतंय? फणस कसा, देठाला धरून उचलतो आपण. कोणाचं गाव धरायचं, कोणाची सुई. एक टोक धरलं की बाकीचं माणूस येतंच मागून."

हे बोलून झाल्यावर तिला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. चार दिवस ती येईल त्याला फणसाचं सांगत होती. सांगायचं एवढंच, की तेजस्वीने तिला तेव्हाच विचारायला हवं होतं, काकी, मुरुडचं नाव काय हो? पण तेजस्वीलाही ते सुचलं नाही. तीसुद्धा मुरुडकाकूच म्हणायची.

तर गेल्या वर्षी गणपती होऊन गेले, भात पोटरीला आलं होतं, तेव्हा सगुणाच्या भाचीला मुलगी झाली. बारशाला सगुणा माहेरी गेली नि एक रात्र राहून सकाळच्या गाडीने परत आली. हातात लाडवांची पिशवी. फाट्यावर दीपकची रिक्षा उभी होती. दीपक वाडीतलाच, चष्म्याचा पुतण्या. एरवी सगुणा उतरली की तो म्हणायचा, "सावर्डे सावर्ड्याला जाऊन आली वाटतं." त्या दिवशी तो काही बोलला नाही. तेवढ्यावरूनच तिने ओळखलं.

"काय झालं रे?"

"काकी, मुरुड पडली."

"कुठं?"

"गोठ्यामागच्या पायरीवर. शेवाळावरून पाय सरकला. खुबा मोडला. काल दुपारी मीच नेली रत्नागिरीला. आज ऑपरेशन करायचं म्हणतात, दुपारच्या आत."

"शुभंकर?" शुभंकर हा मुरुडचा मुलगा, मुंबईला असतो.

"निघालाय तो. डॉक्टरना फोनवर हो म्हणालाय. पण पोचायला त्याला सांज होईल. नि इकडे ही अडून बसलीय. सावर्डे आल्याशिवाय आत जाणार नाय म्हणते. डॉक्टर समजावून दमले. मी समजावलं, मला म्हणाली, तू रिक्षा चालव."

"मग फोन करायचास मला."

"केला की. तुमचा फोन तुमच्या घरात वाजत होता. गडग्यापाशी उभं राहून मीच ऐकला."

हे खरं होतं. फोन बारशाला न्यायची वस्तू आहे असं सगुणाला वाटलं नव्हतं. ती घरी गेली, फोन घेतला, पिशवी तशीच हातात ठेवली आणि परत फाट्यावर आली. दीपकला शाळेची मुलं सोडायची होती. तो म्हणाला, "इथंच थांबा, रत्नागिरी येईलच एवढ्यात." रत्नागिरी आली. सगुणा चढली. वाटभर तिच्या मनात एकच, की मुरुड अडून बसलीय नि वेळ चाललाय. आज टळलं तर पुढचा वार कधी मिळतो कोण जाणे, आणि म्हातारपणीचा मोडका पाय वाट बघत बसत नाही. आपण पोचलो की झालं, ती ऐकेल. पोचण्यात काही अडचण येईल हे तिच्या डोक्यात आलंच नाही.

हॉस्पिटल मोठं होतं, चार मजली. आत शिरल्यावर समोर काचेची खिडकी, खिडकीमागे कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमागे एक मुलगी. छातीवरच्या पट्टीवर नम्रता लिहिलेलं. तेवढं सगुणाला लावून लावून वाचता आलं.

"बाय, मुरुड कुठल्या खाटेवर आहे?"

"पेशंटचं आडनाव मुरुड का?"

"नाय गो. ती मुरुडची. आडनाव रेवाळे."

"पूर्ण नाव सांगा."

सगुणाने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. तिला वाटलं, आता येईल. जिभेच्या टोकावर असेल. मग तिने आत आत शोधलं आणि तिच्या ध्यानात आलं, की तिथं काही नाहीच. विसरलेली गोष्ट शोधताना कुठेतरी तिची जागा तरी सापडते. इथं जागासुद्धा नव्हती. ज्या बाईबरोबर तिने पन्नास वेळा भात लावला, जिच्या मुलाला तिने पहिली आंघोळ घातली, तिला नाव असतं हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

"आजी?"

"थांब हां. रेवाळे बघ."

"रेवाळे चार आहेत. त्यात बायका तीन. मला इथं नुसती नावं दिसतात."

"आमची अख्खी वाडीच रेवाळे," सगुणा म्हणाली, जणू ही मुरुडची काही चूक होती.

"मिस्टरांचं नाव?"

"बाळा."

"बाळा?"

"सगळे बाळाच म्हणायचे. मी गिरण म्हणायची."

मुलगी सभ्य होती, हसली नाही. "कोणी ॲडमिट केलं त्यांना?"

"दीपकने."

"दीपक कोण?"

"रिक्षा."

मागे रांग लागली होती. मागचा माणूस खाकरला. मुलगी म्हणाली, "आजी, घरी कोणाला तरी फोन करून नाव विचारा नि या. मी लगेच सांगते." सगुणा बाजूला झाली.

तिने दीपकला फोन लावला. दीपक रिक्षा चालवत होता, मागे मुलांचा गोंगाट. "नाव?" तो म्हणाला. "मुरुडकाकू. म्हणजे... काकी, मी तिचं कार्ड दिलं त्यांना, त्यांनीच लिहून घेतलं. मी वाचलं नाय." शुभंकरला लावला, तर तो घाटातल्या बोगद्यात असावा, बाई आतून सांगत होती की संपर्क होत नाही. शेवटी तिने मुंबईला नातीला लावला. नात सानिका कॉलेजात शिकते, तिला सगळं येतं.

"आजी, तुला मुरुडआजीचं नाव माहीत नाही?"

"तुला माहीत आहे?"

मग सानिका म्हणाली, "मी तर लहान होते गं."

"मी पण," सगुणा म्हणाली आणि फोन ठेवला.

आता काय करावं? खाली बसून राहावं तर वर वेळ चाललाय. तिने ठरवलं, खाटा खाटा बघत जाऊ, चेहरा तर ओळखतो ना आपण. पहिल्या मजल्यावर बाळंतिणी. तिथून तिला हळूच बाहेर काढलं. दुसऱ्या मजल्यावर जिन्यापाशीच ती दम खात उभी राहिली. समोर एक जाडजूड सिस्टर वॉर्डातल्या मावशीला सांगत होती, "चार नंबरचा गुडघा एक्स-रेला न्या. पित्ताशयाला चहा देऊ नका, कितीही मागू दे. आणि त्या मणक्याला सांगा, उठायचं नाही."

सगुणाची धाप एकदम बसली. आपल्या भाषेतलं माणूस भेटलं होतं.

"बाय," ती पुढे होऊन म्हणाली, "माझा खुबा कुठं असेल?"

सिस्टरने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही तर चालताय."

"माझा नव्हे. माझ्या शेजारणीचा."

"खुबे तीन आहेत आजी. एक पुरुष."

"बाई आहे."

"बायका दोन. एकीचं परवा झालं, ती झोपलीय. दुसरी कालची. ती हट्ट करून बसलीय, सकाळपासून डॉक्टरांनासुद्धा दाद देत नाही."

"हट्टवाली," सगुणा म्हणाली. "हट्टवालीच माझी."

मुरुड खिडकीजवळच्या खाटेवर होती. केस मोकळे, हातात बांगडी नाही, अंगात हॉस्पिटलचा निळा झगा. सगुणाने तिला पन्नास वर्षांत विंचरल्याशिवाय बघितलं नव्हतं. तिला गलबलून आलं, पण मुरुड आधी बोलली.

"आलीस. लाडू आणलेस?"

"आणले. पण तुला खायचं नाय म्हणाली ती सिस्टर."

"मग दाखवायला आणलेस?"

सगुणा खाटेच्या कडेला टेकली. खरं तर काही सांगायची गरज नव्हती. पण तिचं तोंड असलं, की पोटात आलेलं ओठावर आल्याशिवाय राहत नाही.

"खाली मला विचारलं, पेशंटचं नाव काय. मला सांगता आलं नाय."

मुरुडने मान वळवून तिच्याकडे बघितलं. "म्हणजे तुला माझं नाव ठावं नाय."

"नाय."

"पन्नास वर्षं माझ्या गडग्याला पाठ लावून बसतेस."

"बसते."

"माझी भाजी नेतेस, माझं ताक पितेस."

"पिते."

"मेले."

"मेले होय. पण नाव सांग आधी, मग काय बोलायचं ते बोल."

मुरुडने झगा सारखा केला. मग म्हणाली, "राही."

"राही," सगुणाने म्हणून बघितलं. नवीन चप्पल घालून अंगणात दोन पावलं टाकावीत तसं वाटलं. "चांगलं आहे की गो. आधी सांगायचंस."

"तू विचारलंस का कधी?"

"बरं, माझं सांग."

मुरुडने कपाळाला आठ्या घातल्या. "थांब. रेशनच्या दुकानात ऐकलं होतं एकदा. सुमन?"

"सगुणा."

मुरुडने तिला नीट न्याहाळलं. "तुला शोभत नाय," ती म्हणाली.

मग दोघी हसल्या. हसताना मुरुडला कळ आली, ती हसतच कण्हली. दारातून सिस्टरने डोकावून बघितलं. तिला वाटलं असेल, हट्ट सुटला. तो अजून सुटला नव्हता. सगुणाने विचारलं, "पण अडून कशाला बसलीस? मी काय डॉक्टर आहे?"

मुरुडचा आवाज खाली आला. "मला कमरेखाली बधिर करणार. म्हणजे कान उघडे राहणार. आत काही लागलं तर दारातून हाक मारतात, अमक्याचं कोण आहे म्हणून. मी आत पडल्या पडल्या ती हाक ऐकणार, नि बाहेर कोणी उठलंच नाय तर? शुभंकर यायचा सांजला. मला मोडायची भीती नाय वाटली, पडायची नाय वाटली. ह्याची वाटते. तू बाहेर बस. हाक मारली की ऊठ. तेवढंच काम."

"तेवढ्यासाठी तू डॉक्टर थांबवलास?"

"तुला दुसरं काय काम असतं?"

सगुणा म्हणाली, "बसते. नि उठते." मग मुरुडने सिस्टरला बोलावून सांगितलं, "न्या आता."

ऑपरेशनच्या दाराबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. सगुणा दाराच्या अगदी समोरची धरून बसली. तिने ठरवलं होतं, या वेळी फजिती नाही. राही बाळकृष्ण रेवाळे. बाळकृष्ण हे तिने सिस्टरकडून काढून घेतलं होतं. बाळाचा बाळकृष्ण असेल हे तिला इतक्या वर्षांत सुचायला काय हरकत होती, पण नाही सुचलं. तोंडातल्या तोंडात ती घोकत राहिली, राही बाळकृष्ण रेवाळे. पाढे म्हणताना डुलायची तशी डुलतसुद्धा होती. पाढे तिला कधी आले नाहीत, हा भाग वेगळा.

शेजारी एक गृहस्थ येऊन बसला, पांढऱ्या मिशांचा, अंगाने दणकट. थोड्या वेळाने म्हणाला, "कोण आहे आत?"

"मुरुड," सगुणा म्हणाली.

"आमच्या दापोलीकडचं? मी आंजर्ल्याचा." त्याचं नाव धाकू होतं आणि तो बोटीवर नोकरी करून आला होता, हे त्याने सांगितलं. पण सगुणाने त्याला आंजर्ले म्हणून ठेवून दिला, बाकीचं तिने ऐकलं फक्त. त्याच्या मुलीचा हात मोडला होता. "मुरुडात कोणाच्या त्या?" त्याने विचारलं.

माहेरचं आडनावही तिला ठाऊक नव्हतं. एका दिवसात माणसाने किती वेळा उघडं पडायचं? ती म्हणाली, "समुद्राजवळच्या." आंजर्ले म्हणाला, मुरुडात सगळेच समुद्राजवळचे. मग मात्र तो खुलला. मुरुडच्या सुपारीच्या बागा, आंजर्ल्याचा डोंगरावरचा गणपती, बोटीवर असताना तो परदेशातून कसा नवस बोलला होता, बोटीवरचा आचारी माशाची आमटी कशी बिघडवायचा. सगुणानेही आपल्याकडचं काढलं, आपली अख्खी वाडी रेवाळ्यांची हेही सांगून झालं. आमटीत कोकम कधी घालायचं यावर दोघांचं पटेना. ती त्याला पटवून देण्यात अशी रंगली, की डुलायचं कधी थांबलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

दार उघडलं. हिरवी टोपी घातलेली एक सिस्टर बाहेर आली. "राही रेवाळे यांचं कोण आहे?"

सगुणाने खुर्च्यांच्या रांगेकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. कोणी उठलं नाही. तिला वाटलं, आत कोणीतरी बाई उघड्या कानांनी पडली असेल, आणि बाहेर तिचं कोणी नाही. ती आंजर्ल्याला हळू आवाजात म्हणाली, "बिचारीचं कोणी नाय वाटतं."

"राही रेवाळे," सिस्टरने परत हाक मारली. "कोणी आहे का?"

आंजर्ले म्हणाला, "बाई, तुम्ही आडनाव काय सांगितलंत मघाशी? रेवाळेच ना?"

"आमची अख्खी वाडी..." एवढं सगुणा बोलली आणि तिने दाराकडे मान वळवली.

"आहे," ती म्हणाली. "आहे आहे. मी आहे." घाईने उठायला गेली तर गुडघे बसून बसून धरलेले. लाडवांची पिशवी मांडीवरून घसरली, ती आंजर्ल्याने झेलली. सगुणाने शेजारच्या खुर्चीची पाठ धरली.

सिस्टर दार धरून उभी होती. "सावकाश आजी. सगळं नीट झालंय, घाबरू नका. फक्त त्या आतून सारखं विचारतायत, बाहेरचं माणूस उठलं का. काय सांगू त्यांना?"

"उठलं म्हणून सांग," सगुणा म्हणाली. ती अजून अर्धी खुर्चीतच होती.